इंटरनेटचे नवे पत्ते

(नभोवाणीवरील भाषण)

काही दिवसांपूर्वी आमच्या शाळेत एक लहानसाच प्रसंग घडला. एका शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. मुलांच्या घरी सोय नसते, म्हणून आम्ही शिक्षकांनी पंचवीस-तीस मुलांना शाळेच्या संगणक-कक्षात बसविले आणि अर्ज भरावयास घेतले. पहिले दहा-बारा अर्ज बिनबोभाट गेले. पुढे मात्र प्रत्येक पडद्यावर एकच सूचना उमटू लागली. या पत्त्यावरून मर्यादेपेक्षा अधिक विनंत्या आल्या आहेत, नंतर प्रयत्न करावा, असा तिचा आशय होता. तेव्हा सातवीतील एका मुलीने मला विचारले, “सर, आम्ही तर वेगवेगळ्या वाड्यांवरची मुले. अर्जातही आपापला पत्ता लिहिला आहे. मग ‘या पत्त्यावरून’ म्हणजे कोणत्या पत्त्यावरून?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. अर्जातील पत्ता निराळा आणि संगणकाचा पत्ता निराळा, एवढे उत्तर मी तेव्हा दिले. परंतु तीस मुले, तीस संगणक आणि पत्ता मात्र एकच, असे का असावे, याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. ते उत्तर शोधू गेले असता आपण एका अशा स्थित्यंतरापाशी येऊन पोहोचतो, की जे गेली तीस वर्षे जगभर चालू आहे आणि अद्याप पुरे झालेले नाही. इंटरनेटचे जुने पत्ते संपले आहेत आणि नवे पत्ते येत आहेत. हे नवे पत्ते कसे आहेत, ते का हवेत, आणि जुन्यांकडून नव्यांकडे जाण्यास एवढा काळ का लागावा, हे आज आपणांस सांगण्याचा माझा मानस आहे.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. आपल्या टपालातील पिनकोड सर्वांच्या परिचयाचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो आपल्या देशात सुरू झाला आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले वेलणकर संस्कृतचे कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. या सहा आकड्यांची खुबी अशी, की त्यांत डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रदेशाकडून लहान प्रदेशाकडे जाता येते. पणजीचा क्रमांक ४०३००१ आणि इंदूरचा ४५२००१, म्हणजे दोहोंचा आरंभ चारने होतो. बेळगाव ५९०००१ आणि हैदराबाद ५००००१, यांचा पाचने. बडोद्याच्या ३९०००१ चा तीनने. दिल्लीत पत्रांची विभागणी करणाऱ्या कारकुनास गोव्यातील गावे ठाऊक असण्याचे कारण नाही. आरंभीचे आकडे पाहून त्याने पत्र योग्य त्या पिशवीत टाकले की त्याचे काम झाले. पुढचे आकडे पुढचा माणूस पाहील.

इंटरनेटचा व्यवहार नेमका याच रीतीने चालतो. आपण संगणकावरून किंवा मोबाईलवरून काहीही धाडले, मग तो निरोप असो, छायाचित्र असो वा अर्ज असो, त्याचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. आपण त्यांना खुशाल पाकिटे म्हणावे. प्रत्येक पाकिटावर धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात, आणि ते पत्ते अक्षरांचे नसून अंकांचे असतात. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे बसविलेली आहेत. ती पाकिटावरील अंकपत्त्याचा आरंभीचा भाग पाहतात आणि पाकीट पुढच्या योग्य टप्प्याकडे रवाना करतात. हे पत्ते कसे लिहावेत आणि पाकिटे कशी हाताळावीत, याविषयी सर्वांनी मान्य केलेला जो नियम, त्याचे नाव इंटरनेट प्रोटोकॉल, अर्थात् आयपी. आज जगात त्याच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू आहेत. जुनी ती चौथी आणि नवी ती सहावी.

चौथ्या आवृत्तीचा लेखी नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पत्त्यासाठी बत्तीस बिटांची जागा राखून ठेवलेली आहे. बिट म्हणजे शून्य किंवा एक, या दोहोंपैकी कोणताही एक अंक मावेल एवढी जागा. एक बिट असल्यास दोन पत्ते होतील, दोन असल्यास चार, तीन असल्यास आठ. अशा रीतीने बत्तीस वेळा दुप्पट करीत गेले, की ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. वाचण्याच्या सोयीसाठी हा पत्ता शून्य ते दोनशे पंचावन्न या मर्यादेतील चार संख्यांनी लिहितात. उदाहरणार्थ, १९२.०.२.२५.

त्या काळी जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती. माणशी एक पत्ताही धड पुरणार नाही, हे त्या विद्वानांस कळले नसेल काय? कळले असेलही, परंतु त्यांच्यासमोर जगाचा व्यवहार नव्हता, एक प्रयोग होता. इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की आपण एक प्रयोग करीत आहोत अशाच समजुतीने त्यांनी बत्तीस बिटांचा निर्णय १९७७ च्या सुमारास घेतला. त्या प्रयोगाला शेवट असा आलाच नाही. प्रयोगशाळेतील रोपटे कुंडीसकट अंगणात नेऊन लावावे आणि त्याचा वटवृक्ष व्हावा, तसा हा प्रकार झाला. वृक्ष वाढला, कुंडी तेवढीच राहिली.

आरंभीच्या काळात पत्त्यांचे वाटपही सढळ हाताने झाले. ज्या संस्था प्रथम आल्या, त्यांना मोठमोठे गट मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही शिक्षणसंस्था, आयबीएम ही संगणक कंपनी, फोर्ड ही मोटारींची कंपनी, अशांना प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचा एकेक गट देण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. म्हणजे एकेका संस्थेस गोव्याच्या अकरापट लोकसंख्येस पुरतील एवढे पत्ते मिळाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मागणारे थोडे होते आणि देणाऱ्यापाशी पुष्कळ होते. आपल्या देशात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तोपर्यंत पंगतीची पहिली वाढणी होऊन गेली होती.

पुढे काय होणार, हे जाणत्यांनी १९९० नंतर लगेच ओळखले होते. जगातील पत्त्यांच्या मध्यवर्ती भांडारातील अखेरचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच खंडीय नोंदणी-संस्थांना वाटण्यात आले आणि भांडार रिकामे झाले. आशिया व प्रशांत महासागर या आपल्या विभागाच्या संस्थेची नित्याच्या वाटपातील शिल्लक त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी संपली. त्यानंतर नव्या मागणीदारास अगदी थोडे पत्ते मोजूनमापून मिळू लागले. ज्यांना अधिक हवेत त्यांनी ते जुन्या मालकांकडून विकत घ्यावेत, अशी वेळ आली. ज्या संख्या एके काळी मागताक्षणी मिळत होत्या, त्यांतील एकेकीचा भाव काही वर्षांपूर्वी पन्नास डॉलरांच्याही पुढे गेला होता.

मग पत्ते संपले तरी इंटरनेट बंद कसे पडले नाही? याचे उत्तर आमच्या शाळेतील त्या प्रसंगात आहे. एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. वाड्यात तीस बिऱ्हाडे आहेत, पण नगरपालिकेच्या दप्तरी घर-क्रमांक एकच. दाराशी एक कारभारी बसलेला असतो. कोणत्याही बिऱ्हाडाने पत्र धाडावयाचे म्हटले, की तो त्यावर वाड्याचा क्रमांक घालतो आणि कोणत्या बिऱ्हाडाचे पत्र कोणाकडे गेले याची नोंद आपल्या वहीत करतो. उत्तर आले, की वही पाहून ते त्या बिऱ्हाडाच्या हाती देतो. ही युक्ती १९९४ मध्ये लेखी स्वरूपात मांडली गेली. आपल्या घरातील किंवा कचेरीतील राउटरची लहान पेटी हाच तो कारभारी. आपल्या संगणकाचा पत्ता पाहिल्यास तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू झालेला आढळेल. तो पत्ता वाड्यातील खोलीचा क्रमांक आहे, वाड्याबाहेर त्यास काही अर्थ नाही. तसल्याच क्रमांकाच्या खोल्या जगात लक्षावधी वाड्यांत आहेत.

ही युक्ती कामाची खरी, आणि तिच्यामुळेच पुढील पंचवीस-तीस वर्षे निभावली. परंतु तिच्यात तीन उणिवा आहेत, आणि आता एकेका वाड्यावर न थांबता सेवा पुरविणाऱ्या कंपन्या अख्ख्या आळीला, कधी शेकडो घरांना, मिळून एकच पत्ता देऊ लागल्यामुळे त्या ठळकपणे जाणवतात.

पहिली उणीव अशी, की आतला मनुष्य बाहेर पत्र धाडू शकतो, पण बाहेरच्याने आपण होऊन पाठविलेले पत्र आतल्याला मिळत नाही. कारभाऱ्याच्या वहीत त्याची नोंदच नसते. आमच्या गोव्यातील कितीतरी गृहस्थ आखाती देशांत नोकरीस आहेत. घरी म्हातारे आईवडील असतात, म्हणून दाराशी कॅमेरा बसवितात. तो कॅमेरा त्यांना तिकडून सरळ पाहता येत नाही. कॅमेऱ्याने आपले चित्र कोणा तिसऱ्या कंपनीच्या संगणकाकडे न्यावे आणि मालकाने ते तेथे जाऊन पाहावे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. घर आपले, कॅमेरा आपला, पण आपल्या ओसरीवरची हालचाल तिसऱ्याच्या माजघरातून फिरून येते.

दुसरी उणीव न्यायाची आहे. शेकडो माणसे एकाच पत्त्याआड असली, म्हणजे एकाच्या आगळिकीचा ठपका सर्वांवर येतो. एखाद्या संकेतस्थळाने उपद्रवी पत्ता म्हणून दार बंद केले, तर निरुपद्रवी शेजारीही बाहेर राहतात. गुन्ह्याचा तपास करणाऱ्यास नुसता पत्ता पुरत नाही. कोणत्या क्षणी, वहीतील कोणत्या नोंदीने कोण बाहेर गेले, हे पाहावे लागते, आणि त्या वह्या जपून ठेवणे हे सेवा देणाऱ्या कंपनीस मोठे ओझे होऊन बसते. आमच्या मुलांचे अर्ज अडले ते याच कारणाने. तीस निरपराध मुलांची गर्दी यंत्रास एकाच उपद्रवी माणसाचा उतावळेपणा वाटली.

तिसरी उणीव कमी दिसते, पण तीच सर्वांत मोठी आहे असे मला वाटते. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती, की त्यावरील प्रत्येक संगणक बरोबरीचा. प्रत्येकाने विचारावे, प्रत्येकाने सांगावे. स्वतःचा पत्ता नसला, की माणूस तेथे कायमचा पाहुणा राहतो आणि ज्यांच्यापाशी पत्ते आहेत ते तेवढे यजमान होतात. आणि जो मागाहून आला, म्हणजे आपण, आफ्रिकेतील देश, खेड्यापाड्यांतील लोक, त्याच्या वाट्यास हे पाहुणेपण अधिक येते.

आता नव्या पत्त्यांकडे वळू. १९९५ च्या डिसेंबरात सहाव्या आवृत्तीचा पहिला लेखी नियम प्रसिद्ध झाला. स्टीव्ह डिअरिंग आणि बॉब हिंडेन ही त्याच्या लेखकांची नावे होत. तीन वर्षांनी त्यात सुधारणा झाली आणि जुलै २०१७ मध्ये त्यास पूर्ण प्रमाणित नियमाचा दर्जा मिळाला. चौथीनंतर एकदम सहावी कशी, असे कोणी विचारील. पाच हा क्रमांक आवाज व चित्र वाहून नेण्याच्या एका निराळ्या प्रयोगास आधीच दिलेला होता, एवढेच त्याचे कारण.

सहाव्या आवृत्तीत पत्त्यासाठी बत्तीसऐवजी एकशे अठ्ठावीस बिटांची जागा आहे. जागा चौपट झाली म्हणून पत्ते चौपट झाले असे मात्र नव्हे. प्रत्येक बिटागणिक संख्या दुप्पट होते, आणि येथे ती आणखी शहाण्णव वेळा दुप्पट झाली आहे. येणारी संख्या एकोणचाळीस आकड्यांची आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची अठरा स्थाने सांगितली आहेत. एकं, दहं, शतं येथपासून ती परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या परार्धाला परार्धाने गुणावे, आलेल्या गुणाकारास पुन्हा चौतीस हजारांनी गुणावे, म्हणजे या नव्या पत्त्यांच्या संख्येच्या जवळपास आपण पोहोचू.

एवढा प्रचंड पत्ता दहाच्या पद्धतीने लिहिणे गैरसोयीचे, म्हणून तो सोळाच्या पद्धतीने लिहितात. शून्य ते नऊ हे दहा अंक आणि दहा ते पंधरा या संख्यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा इंग्रजी अक्षरे. चार-चार चिन्हांचे आठ गट करावयाचे आणि दोन गटांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबे द्यावयाची. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांसाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एक आपल्या लिपीत लिहून दाखवितो :

२००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००००:००२५

हे पाहून छाती दडपण्याचे कारण नाही, कारण तो आखूड करण्याचे दोन सोपे नियम आहेत. प्रत्येक गटाच्या आरंभीची शून्ये गाळावीत, हा पहिला नियम. ओळीने आलेल्या सर्व शून्यगटांच्या जागी नुसती टिंबांची दुहेरी जोडी द्यावी, हा दुसरा. त्याप्रमाणे वरील पत्ता ‘२००१:डीबी८::२५’ एवढाच उरतो. अशी दुहेरी जोडी एका पत्त्यात एकदाच वापरता येते. दोनदा वापरल्यास कोठे किती शून्ये गाळली याचा निर्णय करता येणार नाही.

या पत्त्याचे साधारणतः दोन समान भाग पडतात. पहिली चौसष्ट बिटे म्हणजे गाव, आळी आणि घर, आणि उरलेली चौसष्ट म्हणजे घरातील वस्तू. आपला मोबाईल किंवा संगणक जाळ्याला जोडला गेला, की राउटर त्यास पहिला अर्धा भाग सांगतो आणि दुसरा अर्धा भाग ते यंत्र स्वतःच ठरविते. कोणी कारकुनाने नोंद करून क्रमांक द्यावा, अशी गरज राहत नाही. घरातील एका लहानशा जाळ्याच्या वाट्यास या हिशेबाने एकशे चौऱ्याऐंशी परार्ध पत्ते येतात. एवढे पत्ते घरात कोणी वापरणार नाही हे उघड आहे. ते वापरण्यासाठी दिलेले नसून मांडणी सुटसुटीत राहावी आणि पुन्हा कधी मोजमाप करीत बसावे लागू नये, यासाठी दिलेले आहेत.

येथे एक शंका रास्त आहे. प्रत्येक यंत्रास स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला, तर आपण कोठे जातो, काय पाहतो, याची पाळत ठेवणे सोपे नाही का होणार? आरंभी यंत्रे पत्त्याचा दुसरा भाग आपल्या अंगच्या कायमच्या क्रमांकावरून बनवीत असत, तेव्हा ही भीती खरी होती. म्हणून २००१ मध्ये असा उपाय मांडण्यात आला, की यंत्राने हा भाग सोडतीसारखा कोणताही घ्यावा आणि ठराविक काळाने बदलीत जावे. आजची बहुतेक यंत्रे तसेच करतात. दुसरी शंका सुरक्षिततेची. कारभारी गेला तर चोर सरळ घरात शिरेल, असे पुष्कळांस वाटते. परंतु कारभारी हा टपालाची वाटणी करणारा होता, पहारेकरी नव्हे. पहाऱ्याचे काम फायरवॉल नावाची निराळी व्यवस्था करते आणि ती नव्या पत्त्यांसाठीही असावीच लागते. घरोघरच्या राउटरांत ती सहसा असते. दार कोणासाठी उघडावे, हे मात्र आता घरमालकास ठरविता येते.

पत्ता चौपट लांब झाला, तरी पाकिटावरील मजकूर त्या मानाने वाढला नाही, हेही सांगितले पाहिजे. जुन्या पाकिटाचा माथा कमीत कमी वीस बाइटांचा असे, नव्याचा चाळीस बाइटांचा आहे, म्हणजे दुप्पटच. वाटेतील प्रत्येक राउटरने करावयाची काही तपासणी अनावश्यक ठरवून काढून टाकली आहे. आपल्याकडे जुने घर पाडून नवे बांधताना जसा अडगळीचा निकाल लावतात, तसाच हा प्रकार.

एवढे सर्व १९९५ मध्ये तयार होते, तर आज तीस वर्षांनंतरही जुनेच पत्ते का चालू आहेत? याचे मूळ कारण असे, की नवा पत्ता हा जुन्याचा विस्तार नाही. आपल्या शहरांत दूरध्वनीचे क्रमांक पाच आकड्यांचे सहा झाले, सहाचे सात झाले. तेव्हा आरंभी एक आकडा जोडला की भागत असे. येथे तसे नाही. ज्या यंत्रास केवळ जुना नियम ठाऊक आहे, त्यास नव्या पाकिटावरील पत्ता वाचताच येत नाही. दोन्ही पाकिटे एकाच तारेवरून धावतात, पण एकमेकांस ओळखत नाहीत.

मग एखादा दिवस ठरवून सर्वांनी एकदम का बदलू नये? तसे एकदा झाले आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या मूळ जाळ्याने आपला त्याआधीचा नियम सोडून आजचा नियम स्वीकारला. तेव्हा जाळ्यावर काही शेकडे संगणक होते आणि चालविणारे एकमेकांस नावानिशी ओळखत होते. आज यंत्रांची संख्या अब्जावधींत आहे आणि त्यांना एकच धनी नाही. शिवाय प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो. वाचक नव्या पत्त्यावर नाहीत म्हणून संकेतस्थळे थांबतात, आणि संकेतस्थळे नाहीत म्हणून वाचकांना सेवा देणारे थांबतात. आधी तुम्ही, आधी तुम्ही, या आग्रहात गाडी सुटण्याची वेळ येते. ही कोंडी फोडण्यासाठी जगातील मोठ्या कंपन्यांनी ८ जून २०११ रोजी एक दिवसाची चाचणी घेतली आणि ६ जून २०१२ पासून नवे पत्ते कायमचे चालू ठेवले.

एकदम बदल अशक्य, म्हणून तीन वाटा काढण्यात आल्या. पहिली वाट द्विभाषिकाची. बेळगाव किंवा हैदराबादच्या श्रोत्यांस ही निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी, समोरचा जी बोलेल तीत आपण बोलावे. तद्वत एकाच यंत्रास जुना व नवा असे दोन्ही पत्ते देतात. आपण संकेतस्थळाचे नाव टाकले, की नावांची नोंदवही त्या नावाचे दोन्ही प्रकारचे पत्ते कळविते. आपले यंत्र आधी नव्याने प्रयत्न करते आणि क्षणभरात दाद न मिळाल्यास जुन्याने जाते. आपणांस याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी वाट पाकिटात पाकीट घालण्याची. दोन नव्या प्रदेशांच्या मध्ये जुना प्रदेश लागला, तर नवे पाकीट जुन्या पाकिटात घालून त्यातून पार न्यावयाचे आणि पलीकडे वरचे पाकीट फाडून टाकावयाचे. तिसरी वाट दुभाष्याची. आपल्या मोबाईलला केवळ नवा पत्ता असतो, आणि ज्याच्याशी बोलावयाचे ते संकेतस्थळ अद्याप जुन्यावरच असते. तेव्हा मध्ये बसलेले यंत्र एका पत्त्याचे दुसऱ्यात रूपांतर करून निरोप पोहोचविते. पुष्कळ मोबाईल कंपन्यांनी हीच वाट धरली आहे. दुभाष्यापाशी जुन्या पत्त्यांचा थोडासा साठा लागतोच, म्हणून जोवर एकही महत्त्वाचे ठिकाण जुन्यावर अडून आहे तोवर खर्च आणि गुंतागुंत दोन्ही चालू राहतात.

या स्थित्यंतरात आपला देश मागे नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आपली पहिली राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली आणि मार्च २०१३ मध्ये दुसरी. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली ती आरंभापासूनच नव्या पत्त्यांवर. कोट्यवधी माणसे एकदम आली आणि त्यांना देण्यास जुने पत्ते नव्हतेच. पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. आज सर्व मोजमापांत नवे पत्ते वापरणाऱ्या देशांत भारत अगदी पुढच्या रांगेत आहे. जगाची सरासरी निम्म्याच्या आसपास असताना आपण तिच्या बरेच पुढे आहोत. पहिल्या वाढणीस आपण उशिरा पोहोचलो, आणि त्या उशिरानेच आपणांस दुसऱ्या वाढणीस आधी बसविले.

तथापि यश मुख्यतः मोबाईलचे आहे. शाळा, पतपेढ्या, लहान कचेऱ्या आणि त्यांची संकेतस्थळे येथे अजून पुष्कळदा जुनाच संसार आढळतो. यात आपण सामान्य माणसांनी करण्यासारखे काय आहे? एक तर, घरी किंवा संस्थेत राउटर घेताना त्यास सहावी आवृत्ती चालते की नाही हे विचारावे, आणि चालत असल्यास ती सुरू करून घ्यावी. पुष्कळदा सोय असते पण बंद ठेवलेली असते. दुसरे, सेवा देणाऱ्यास हे पत्ते मागावेत, कारण मागणी आल्याविना पुरवठा होत नाही. तिसरे, संस्थेचे संकेतस्थळ करून घेताना ते दोन्ही पत्त्यांवर असावे असे करारात लिहून घ्यावे. नव्या पत्त्याने इंटरनेट एकदम वेगवान होईल, अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. त्याचा लाभ वेगात नसून मोकळेपणात आहे.

आमच्या मुलांच्या अर्जांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्या संध्याकाळी आम्ही तिघा शिक्षकांनी आपापले मोबाईल काढले, मुलांना तीन ठिकाणी बसविले आणि रात्री आठपर्यंत सर्व अर्ज गेले. शिष्यवृत्ती कोणास मिळेल ती मिळो, पत्त्यावाचून कोणाची संधी हुकली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीस मी वाड्याचा आणि कारभाऱ्याचा दृष्टान्त देऊन सर्व समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग सर, आम्हांला वेगवेगळे पत्ते केव्हा मिळणार?”

पत्ते तयार आहेत. परार्धांनी मोजावे इतके आहेत. ते मुलांपर्यंत पोहोचविण्याचे काम तेवढे आपणां मोठ्यांकडे उरले आहे. पूर्वी ज्यांनी वाटप केले त्यांनी पुढच्या पिढीची गणती केली नव्हती. आपण ती करू या. पुढल्या वर्षी अर्ज भरण्याची वेळ येईल, तेव्हा तीस मुलांस तीस पत्ते असावेत, एवढ्यासाठी आम्ही शाळेत आतापासूनच खटपटीस लागलो आहोत.